कोंड्याच्या भावात बी. ए.

वयाच्या बाराव्या दिवशी मला एका सूपभर कोंड्याला विकण्यात आले. विकणारी माझी सख्खी आई होती, घेणारी शेजारची येसूकाकू होती, आणि विकला गेलेला मी त्या वेळी गाढ झोपलो होतो. (माझ्या आयुष्यातले बरेचसे महत्त्वाचे निर्णय याच पद्धतीने झाले.)

आमच्या वाडीत यात नवल करण्यासारखे कोणालाच काही वाटले नाही. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाताना समुद्राच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथे ज्या घरात मूल जगत नसे, त्या घरात पुढचे मूल विकून टाकीत. माझ्याआधीची तीन भावंडे गेलेली. तेव्हा आयेने मला सुपात घातले आणि येसूकाकूच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवले. काकूला स्वतःला मूल नव्हते. त्यामुळे पोरे उचलून नेणाऱ्या सटवाईची त्या घराकडे फेरीच नसे. काकूने मला उचलून घेतले आणि सुपात कोंडा भरून आयेला दिला. तो कोंडा आमच्या पाळण्यात ठेवला. सटवाई आली तर तिला पाळण्यात कोंडा दिसावा, मूल नाही, आणि तिने हात हलवीत परत जावे, अशी ही योजना. चार दिवसांनी मी पाळण्यात परत आलो, पण मालकी काकूकडेच राहिली. आणि सटवाईने हाक ऐकली तरी तिला संशय येऊ नये म्हणून काकूने माझे नाव ठेवले कोंडू.

मी जगलो. त्याचे सगळे श्रेय कोंड्याला मिळाले. मला नाही.

माझ्या पाठीवर दोन भावंडे झाली. तोवर सटवाईने आमच्या घराचा नाद सोडला होता. म्हणून धाकट्या भावाचे नाव ठेवले मुरलीधर आणि बहिणीचे चंद्रभागा! लढाईत पुढे उभा केला मला आणि शिरपेच दिले त्यांना! हे आठवले की आजही माझे डोके तापते.

माझ्या पिढीच्या नावांवरच माझा राग आहे आणि तो मी लपवीत नाही. वाडीत एक धोंडू होता, एक दगडू होता, भिकू होते, केरू होते, आणि खालच्या आळीत एक उकिरडूही होता. दिवेलागणीला आया पोरांना हाका मारू लागल्या, की वाटे कोणीतरी अंगण झाडून निघालेल्या कचऱ्याची मोजदाद करीत आहे. दगडूला याचे काहीच वाटत नसे. तो पुढे गलबतावर तांडेल झाला. दर्यावर नाव कोण विचारतो? मी मात्र शिकलो. शिकण्याचा हा एक तोटा आहे, की माणसाला स्वतःचे नाव पुन्हापुन्हा लिहावे लागते.

रत्नागिरीच्या शाळेत ज्या मास्तरांनी मला शिकवणीचा एक पैसा न घेता वर काढले, आणि ज्यांच्या पडवीत मी झोपलो, ज्यांच्या घरी जेवलो, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्या सर्वांनी मला 'कोंड्या' म्हटले, हेही विसरणार नाही.

मग मुंबईला कॉलेजात गेलो आणि तिथल्या वसतिगृहात मला कळले, की जगात दुसऱ्या प्रकारचीही नावे असतात. माझ्या खोलीत एक शरच्चंद्र होता आणि एक वसंत होता. समोरच्या खोलीत अरविंद. ही नावे त्यांच्या आईबापांनी बसून, विचार करून ठेवली होती! एकाच खोलीत आम्ही तिघे राहत होतो: एक चंद्र, एक ऋतू आणि एक गुरांचे खाद्य. पदवीदानाच्या दिवशी माझे नाव वाचणाऱ्या गृहस्थांना मध्येच ठसका लागला. ते पाणी पिईपर्यंत मी सगळ्या सभागृहासमोर उभा होतो. तिथेच मी प्रतिज्ञा केली. मला आवडणाऱ्या नावांतले सगळ्यात आवडते नाव मी मनाशी निवडून ठेवलेच होते. सुधाकर. लग्नाच्या आधी मी सुधाकर होणार!

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मला रत्नागिरीतच एका हायस्कुलात नोकरी मिळाली आणि लगोलग पालीहून स्थळ आले. मुलीचे वडील तात्या म्हणजे पालीच्या बाजारातले सुपारीचे व्यापारी. मुलीचे नाव मथुरा. बोलणी झाली, पत्रिका छापायला टाकायची वेळ आली, तेव्हा एका रविवारी जेवताना मी घरात जाहीर केले, की पत्रिकेवर 'चि. सुधाकर' असे येईल. कोंडू संपला.

माझे वडील, आबा, बांगड्याचा काटा काढीत होते. त्यांनी तो नीट काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"बदल की," ते म्हणाले. "पण मला कशाला इचारतोस? तू माझा नायस."

मला वाटले रागाने म्हणत आहेत. रागाने नव्हते. तेव्हा मला प्रथमच कळले, की विकलेले मूल जावळ काढण्याआधी परत विकत घ्यायचे असते. सूपभर कोंडा, नारळ आणि खण देऊन. माझ्या बाबतीत दिवससुद्धा ठरला होता. पण त्याच आठवड्यात गडग्यावरचा फणस पिकून पडला. आमच्या आणि काकूच्या आवाराच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कंबरेएवढी भिंत. झाडाचे मूळ आमच्याकडे, फांदी त्यांच्याकडे, आणि फणस पडला तो बरोबर गडग्यावर! आबा आणि काकूचे यजमान यांचे त्यावरून असे वाजले, की त्या दिवसापासून एकाही घराने गडगा ओलांडला नाही. फणस तिथेच कुजला. पुढे काका वारले. जाताना बाग, दोन म्हशी आणि भांडण काकूला ठेवून गेले. या सगळ्यात मला परत घ्यायचे राहून गेले.

"राहून गेलं?" मी ओरडलो. "मी काय गडग्यावर वाळत घातलेला पंचा आहे?"

"तू तर इथंच होतास," आबा म्हणाले. "आमाला आठवण कशी ऱ्हावी?"

आता मला एक गोष्ट आठवली आणि तिचा अर्थ लागून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लहानपणापासून गडग्याजवळून जाताना काकू पलीकडून विचारी, "कोंड्या, जेवलास?" मी ती माया समजत होतो. ती चौकशी होती! आपल्या खुंट्याच्या बैलाला वैरण मिळाली का, ही मालकाची चौकशी!

मी म्हणालो, की हा सगळा खुळचटपणा आहे, मी तो मानीत नाही आणि नाव मी बदलणारच. तेव्हा आये चुलीपाशी उठून उभी राहिली. परत घेतल्याशिवाय नाव टाकलेस तर मी मांडवात पाय ठेवणार नाही, म्हणाली. सटवाईला वाटेल कोंडा गेला आणि घरात नवा मुलगा आला. मी तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालो होतो. मी तिला कारण म्हणजे काय, कार्य म्हणजे काय, आणि दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे का म्हणता येत नाही, हे व्यवस्थित समजावून दिले. तिने सगळे ऐकून घेतले.

"मी तीन पोरां पुरलीत," ती म्हणाली. "तुझ्या तर्कशास्त्रानं किती?"

 दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कोट-टोपी अंगावर तशीच ठेवली, गिरणीवरून कोंडा आणला, सूप काखोटीला मारले आणि स्वतःला विकत घ्यायला निघालो.

येसूकाकू अंगणात कोकमाची सोले वाळत घालीत होती. मला पाहून तिने विचारले, "कोंड्या, जेवलास?" मी त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. सूप पुढे ठेवले आणि शाळेत बोलतो त्या मराठीत तिला म्हणालो, की आपला पूर्वीचा व्यवहार आता पूर्ण करून टाकावा. काकूने कोंड्यात हात घातला, चिमूट उचलली, हुंगली आणि परत टाकली.

"हा गिरणीचा. मी दिलेला उखळातला होता."

मी उखळातला आणून देईन म्हणालो.

"आणि भाव तोच?" काकू म्हणाली. "मी घेतला तेव्हा तू काळानिळा होतास. रडायची ताकद नव्हती. आता तू बी. ए. हायस, पायात बूट हायत. बाला, बाजारात वासराच्या भावात गाभण म्हस कोण दील काय?"

गाभण म्हैस! हायस्कुलातला शिक्षक मी! रागाने माझा आवाज चिरका झाला. मी विचारले, मग तुला हवे तरी काय?

"काय नको. ज्यानं विकला त्यानं मागाया यावं. बापूस कुठं हाय तुझा?"

आबांना निरोप सांगितला. ते म्हणाले, मी विकलाच नाही, सुपात घातला तो हिने. आये म्हणाली, तुम्ही मागे उभे राहून 'हळू ठेव, हळू ठेव' म्हणत होता. त्यावरून आमच्याच घरात भांडण लागले आणि आबांनी संध्याकाळचे जेवण टाकले. मग त्यांनी अट घातली, की काकूने आधी फणस आमचा होता असे कबूल करावे, मग पुढचे बोलू. मी सूप घेऊन गडग्यापलीकडे गेलो. काकू म्हणाली, फणसाचे राहू दे, आधी पाय इकडे पडू दे. मी सूप घेऊन परत आलो. आता कोंडा उखळातला होता. आयेने स्वतः कांडून काढला होता. तो मी सांडू न देता इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेत होतो. आमच्या वाडीतली शाळेत येणारी पोरे दगडूच्या पडवीत बसून हे पाहत होती. त्यांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी वर्गात अगदी नम्रपणे विचारले, "सर, कोंडा कसा दिलात?" मी त्याला बाकावर उभा केला. पण सगळा वर्ग उभ्याने हसत होता, आणि इतके बाक शाळेत नव्हते.

त्यातच एक दिवस मी काकूशी हुज्जत घालण्यात गुंग असताना तिच्या म्हशीने मागून येऊन सूप साफ केले. मला वाटले, चला, एकदाचा माल पोचला!

"म्हशीनं खाल्लान," काकू शांतपणे म्हणाली. "मी घेतला नाय."

तेव्हा माझा संयम सुटला. पुढच्या रविवारी सकाळी आबा गडग्याच्या अलीकडे आणि काकू पलीकडे उभी राहून इतक्या वर्षांपूर्वी कुजलेल्या फणसाबद्दल एकमेकांना सुनावीत होती. वाडी गोळा झाली होती. मी कोट घालून गडग्यावर चढलो आणि भाषण केले. माझ्या आयुष्यात इतके चांगले भाषण मी पुन्हा केले नाही. जग कुठे चालले आहे आणि आपण कुठे आहोत, हे मी सांगितले. पोटच्या पोराला कचऱ्याचे नाव देणाऱ्या समाजाचे काय होणार, हे विचारले. मुंबईत लोक मुलांना चंद्राची नावे देतात, फुलांची देतात, आणि तुम्ही आम्हांला काय दिलेत? धोंडे, दगड, केर आणि कोंडा! शेवटी काकूकडे बोट करून मी म्हणालो, "जगातली सगळी नावे सोडून तुला माझ्यासाठी हेच सुचले?"

काकूचा चेहरा लाल झाला. मी तिला भांडताना पुष्कळदा पाहिले होते, रागावलेली त्या दिवशी प्रथम पाहिली.

"मला हौस नवती?" ती म्हणाली. "माझ्या मांडीवर तू एकच पोर आलास. मनात गोपाळ होतं. तुझ्या कानाशी तोंड न्हेलं आणि त्यातलं अर्धं अक्षरही भाईर काढलं नाय. गिळलं. कोंडू म्हटलं. चांगलं नाव ठेवलं असतं तर आज रागवाया तरी कोण असता रे?"

 मी गडग्यावर उभा होतो आणि कसे उतरावे ते मला कळेना. एवढ्यात आबा पुढे आले. त्यांनी धोतराचा सोगा वर घेतला, गडग्यावर हात टेकला आणि एक पाय पलीकडे टाकला. दुसरा अलीकडेच ठेवला. गेले असेही म्हणता यावे आणि नाही गेले असेही! तसे गडग्यावर घोड्यासारखे बसून ते खाली बघत म्हणाले, "वैनी, पोर मागाया आलंय. द्या."

"फणस?" काकूने विचारले.

"अर्धा तुमचा."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आमच्या वाडीला कोणतीही गोष्ट अर्धी आवडत नाही. दगडू तांडेल म्हणाला, सुपात घालून विकलेले पोर सुपातच घालून परत द्यायचे असते, नाहीतर सटवाईला उमगणार कसे? सगळ्यांना ते पटले. मी एक पाय सुपात ठेवताच ते मधोमध फाटले. मग कोणीतरी मासे वाहायचा मोठा हारा आणला. बांबूची पाटी ती, माणूस मावेल एवढी, आणि आदल्या संध्याकाळी तिच्यातून बांगडे आलेले. मी स्पष्ट नकार दिला. मग मी आयेच्या तोंडाकडे पाहिले. ती गडग्याशी आली होती आणि पदराचे टोक तिने दोन्ही मुठींत गच्च धरले होते. मी मुकाट्याने हाऱ्यात बसलो. कोट, टोपी, बूट, सगळ्यासकट गुडघे छातीशी घेऊन बसलो! चार जणांनी हारा उचलला, काकूने काठाला हात लावला, आणि मी गडग्याच्या वर अधांतरी असताना पालीचे तात्या पत्रिकेचा मजकूर ठरवायला आमच्या अंगणात येऊन उभे राहिले.

त्यांनी प्रथम मला ओळखले नाही. मग ओळखले, ते जास्त वाईट झाले.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारले.

आबांना पाहुण्यांपुढे खोटे बोलण्याची सवय नव्हती. ते गडग्यावरूनच म्हणाले, "काय नाय पावणं. बसा. मुलगा विकत घेतोय."

तात्या व्यापारी माणूस. त्यांनी छत्री मिटली आणि थोडा विचार केला. "म्हणजे अजून घेतलेला नाही?" ते म्हणाले. "मग मी इतके दिवस बोलणी केली ती कोणाशी?"

 याचे उत्तर काकूकडे होते. "माझ्याशी कराया हवी होती," ती म्हणाली. चौघांना तिने हारा तसाच धरून ठेवायला सांगितले आणि तात्यांना विचारले, की मुलगी भाकरी कशी थापते, आवाज मोठा आहे की बारीक, आणि रागीट माणसाबरोबर तिला राहता येईल का. कारण हा लहानपणापासून रागीट आहे. तात्या प्रत्येक प्रश्नाला हात जोडून उत्तर देत होते. मी वर लटकून माझ्याच लग्नाची बोलणी ऐकत होतो. घामाने टोपी भिजली होती आणि बांगड्यांचा वास कोटात मुरत होता. (तो कोट मी लग्नानंतरही वापरला. मांजरे शाळेपर्यंत येत.)

"बरं हाय मुलगी," शेवटी काकू म्हणाली, आणि हारा पुढे ढकलला. "घ्या तुमचा कोंडू." कोंडा, नारळ, खण तिने घेतला. मग पदराने डोळे पुसले आणि आयेला म्हणाली, "गो, हा जेवलाय ना?"

लग्न सुधाकरचे झाले. पत्रिकेवर सुधाकर, भटजींच्या तोंडी सुधाकर. मी मांडवात असा बसलो होतो की जणू खरोखरच चंद्र उगवला आहे. पंगत बसल्यावर बायकांनी मथुरेला नाव घ्यायला लावले. तिने पाठ करून आणलेला उखाणा म्हटला, त्यात पौर्णिमा होती, चांदणे होते आणि शेवटी सुधाकरराव होते. मागे खांबाला टेकून बसलेली येसूकाकू मोठ्याने म्हणाली, "हा कोण मेला? बाय, आमच्या झिलाचं नाव घे."

 सुधाकर कोण, हे पाहायला चार-दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. माझ्या कानांतून वाफ निघत होती. मी मथुरेकडे 'मुळीच ऐकू नकोस' अशा नजरेने पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले, काकूकडे पाहिले, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"काळ्या टोपीला लावला रेशमाचा गोंडा,
पालीच्या बाजारात पारखून घेतला कोंडा!"

ती पंगत तासभर पुढे सरकली नाही. तात्यासुद्धा हसत होते. पुढे ताटात तांदूळ पसरून अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी मालती लिहायला घेतले. ते माझे मुलींच्या नावांतले सगळ्यात आवडते. मथुरा खाली मान घालून, ओठ न हलवता म्हणाली, "एका लग्नात एकाचंच नाव बदललेलं पुरे." मी अंगठी खाली ठेवली.

सुट्टी संपवून शाळेत गेलो आणि हेडमास्तरांना माझे नवे नाव सांगितले. त्यांनी अभिनंदन केले. मग म्हणाले, की अडचण एवढीच आहे, बी. ए. झाले आहेत ते कोंडाजी (शाळेच्या दाखल्यावर माझे नाव असे होते). हे जे सुधाकर आहेत, त्यांचे शिक्षण काय? मी संतापून म्हणालो, तो मीच आहे. ते म्हणाले, असाल, पण विद्यापीठाला तसे वाटत नाही. थोडक्यात, सुधाकर परीक्षेला कधी बसलाच नव्हता. ज्याने आठ वर्षे कंदिलापाशी डोळे फोडले, तो कोंडू होता. महिना संपायच्या आत मी पुन्हा कोंडाजी झालो. सुधाकर हे नाव आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर तेवढे उरले. पत्रिका आयेने दळण झाकायला घेतली.

पण मी हार मानली नव्हती. आमचा पहिला मुलगा व्हायचा होता तेव्हाच मी त्याचे नाव पक्के केले. प्रभाकर! मुलगा जन्मला तो हाताच्या पंजाएवढा. डॉक्टरांनी औषध दिले आणि पैसे न घेता निघून गेले. पैसे न घेणारा डॉक्टर पाहिला, की माणसाला धडकी भरते.  भर दुपारी, सगळी वाडी जेवून लवंडली असताना, मी कारण आणि कार्य दोन्ही घरात ठेवले, मुलाला सुपात घातले आणि अनवाणी गडगा ओलांडला.

येसूकाकूने मला गडग्यावरच्या भाषणाची आठवण करून दिली नाही. मूल घेतले, मांडीवर ठेवले. मी हळूच म्हणालो, "कोंडा?"

"कोंडा नको," ती म्हणाली. "तो एकदा वापरलाय. सटवाई वळखील." मग तिने खराटा घेतला, अंगण झाडले आणि केराने सूप भरून माझ्या हातात दिले.

माझ्या मुलाचे नाव केरू आहे.

तो जगला. चांगला सहा फुटी झाला, इंजिनियर झाला. जावळाच्या आधी त्याला परत घ्यायला हवे होते, ते मला माहीत होते. माझ्याइतके कोणाला माहीत असणार? पण विकला होता गुपचूप, आणि परत घ्यायचा म्हणजे सगळ्या वाडीसमोर घ्यायला हवा. ज्या गडग्यावर मी ते भाषण केले, त्याच गडग्यावर सूप घेऊन कसे उभे राहायचे? पुढच्या महिन्यात पाहू, म्हणालो. मग पुढच्या वर्षी. मग राहून गेले.

परवा जेवताना केरूने जाहीर केले, की त्याचे लग्न ठरते आहे आणि पत्रिकेवर 'चि. अशोक' असे येईल. मग तो माझ्यावर जे काही ओरडला ते सगळे मला ओळखीचे होते. कचरा हा शब्दसुद्धा त्याच ठिकाणी आला. मी काटा नीट काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणालो, "बदल की. पण मला कशाला विचारतोस? तू माझा नाहीस."

येसूकाकू आता पुष्कळ थकली आहे. तिला दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. तिने गडग्यापलीकडून तेव्हाच निरोप पाठवला, की ज्याने विकला त्याने मागायला यावे, बी. ए. झालेला असला तरी चालेल. आणि येताना हारा नवा आणावा, पोर थोराड आहे.